अर्धी भूल, पूर्ण तयारी

ऑपरेशन ठरलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "पूर्ण भूल देणार की अर्धी?" उत्तर "अर्धी" आलं की सगळ्यांना हायसं वाटतं, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. कमरेतूनच तर इंजेक्शन आहे, मग सकाळी घोटभर चहा घेतला तर काय बिघडतं? हातच तर बधिर करणार, मग हृदयाच्या गोळ्यांची चिठ्ठी कशाला सोबत न्यायची? भूल अर्धी म्हटली की तयारीही अर्धी होते. या भुलीत जे थोडे धोके आहेत, त्यांतले बरेचसे टाळता येण्याजोगे असतात. ते टाळण्याचं काम एकट्या भूलतज्ज्ञाच्या हातात नसतं, रुग्णानं आणि घरच्यांनी त्यात वाटा उचलावा लागतो.

कोल्हापूर जिल्ह्यात ही भूल कुणाला लागते ते पाहिलं की विषय किती जवळचा आहे हे कळतं. कडबाकुट्टीत बोटं गेलेला शेतकरी, इचलकरंजीच्या यंत्रमागावर किंवा शिरोलीच्या फौंड्रीत हात चिरडलेला कामगार, उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडलेला मजूर. सिझेरियनसाठी आलेली सून आणि गुडघा बदलायला आलेली तिची सासू. डायलिसिससाठी मनगटाजवळ फिस्तुला (धमनी आणि शिरेचा जोड) करून घेणारा रुग्ण. सरकारी सीपीआर रुग्णालय असो, खासगी मोठं रुग्णालय असो की गडहिंग्लजमधलं दहा खाटांचं नर्सिंग होम असो, यातल्या बहुतेकांना पाठीतून भूल किंवा नसेभोवती दिलेला ब्लॉकच पुरतो.

पाठीतल्या भुलीत मणक्यांच्या मधून बारीक सुई आत नेतात आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात थोडंसं औषध सोडतात. काही मिनिटांत कमरेखालचा भाग बधिर आणि जड होतो. मोठ्या माणसात मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे टोचतात. तिथे मज्जारज्जू नसतो, पाण्यात सुटे तरंगणारे मज्जातंतू असतात. एपिड्युरलमध्ये त्या पाण्याच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवून औषध लागेल तसं देत राहतात. हाताच्या ब्लॉकमध्ये मानेजवळ, गळ्याच्या हाडाच्या वर किंवा काखेत, हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्याभोवती औषध सोडतात.

भूलतज्ज्ञाला काय सांगायचं

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, निदान काही तास आधी, भूलतज्ज्ञाशी प्रत्यक्ष बोलणं झालंच पाहिजे. तसं होत नसेल तर मागून घ्या. सर्जनची भेट होते, औषधांची यादी मिळते, बिलाचा अंदाज येतो, आणि ज्याच्या हातात आपला श्वास आणि रक्तदाब असणार आहे त्याचा चेहरा मात्र टेबलावर गेल्यावर दिसतो. ही पद्धत मला मुळीच पटत नाही.

सगळ्यात महत्त्वाची माहिती रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची. पाठीतली सुई जिथे जाते तिथे बारीक शिरांचं जाळं असतं. एरवी तिथे थोडं रक्त आलं तरी आपोआप थांबतं. रक्त पातळ असेल तर ते साठून मज्जातंतूंवर दाब येऊ शकतो, आणि हा दाब काही तासांत काढला नाही तर पाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस, वॉरफरिन पाच दिवस आधी बंद करून रक्ताची आयएनआर तपासणी, रिव्हारोक्साबान किंवा अपिक्साबान सुमारे तीन दिवस आधी बंद, असे हिशेब असतात. नुसती ॲस्पिरिन चालू असली तर पाठीतली भूल बहुधा देता येते. यातली एकही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. हृदयात स्टेंट बसवून काहीच महिने झाले असतील आणि गोळी परस्पर थांबवली, तर ऑपरेशनआधीच झटका येऊ शकतो. हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचा हा निर्णय आहे.

मधुमेहाच्या गोळ्यांतही एक गट वेगळा आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही नावं आता गावोगावच्या चिठ्ठ्यांवर दिसतात. या गोळ्या चालू असताना उपाशी राहिलं तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं, त्यामुळे त्या साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. बीपीच्या काही गोळ्या त्या सकाळी घ्यायच्या असतात, काही टाळायच्या असतात. नावं पाठ करत बसू नका, सगळ्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या. काढे, चूर्णं, गुडघेदुखीसाठी कुणी दिलेल्या पुड्या, त्यासुद्धा.

आधी कधी भूल घेतली होती का, तेव्हा काय झालं, पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय का, कमरेवर गळू किंवा पुरळ आहे का, नुकताच डेंग्यू होऊन प्लेटलेट कमी झाल्या होत्या का, हृदयाची झडप अरुंद असल्याचं कुणी सांगितलंय का, हेही न विचारता सांगा. जिना चढताना धाप लागते ही गोष्ट बायका घरात सांगत नाहीत आणि दवाखान्यात तर नाहीच नाही. सुनेनं किंवा मुलानं ती सांगावी.

आणि तंबाखू. मावा, गुटखा यांनी गालाच्या आतली कातडी जाड आणि कडक होते, तोंड उघडेनासं होतं. तीन बोटं उभी करून तोंडात जातात का, हे घरी पाहा. जात नसतील तर ते भूलतज्ज्ञाला आधी कळायलाच हवं. पाठीतली भूल किंवा ब्लॉक कधी पुरेसा चढत नाही, कधी ऑपरेशन लांबतं, मग पूर्ण भूल द्यावी लागते आणि श्वासनलिकेत नळी घालावी लागते. तोंडच उघडत नसेल तर त्या क्षणी धावपळ होते. आधी माहीत असेल तर वेगळी साधनं हाताशी ठेवून शांतपणे काम करता येतं. मिश्री लावणाऱ्या आजीबाईंनाही हा प्रश्न विचारला पाहिजे. ओढायची असो वा चघळायची, तंबाखू जितकी आधी सोडाल तितकं बरं. निदान ऑपरेशनच्या दिवशी तोंडात काही नको.

पोट रिकामं, पण सुकलेलं नको

अर्धी भूल असली तरी पोट रिकामं लागतं, कारण वर सांगितल्याप्रमाणे ती केव्हाही पूर्ण भुलीत बदलावी लागू शकते. बेशुद्धीत पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

सर्वसाधारण नियम असा आहे. तळलेलं, तेलकट, मटण-चिकन यांना आठ तास. साधं हलकं खाणं आणि गाई-म्हशीचं दूध यांना सहा तास. अंगावरच्या दुधाला चार तास. स्वच्छ पाण्यासारख्या पातळ पदार्थांना दोन तास. कोल्हापूरच्या ताटावर हा नियम लावून पाहू. आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा झाला असेल तर तो आठ तासांच्या हिशेबात जातो. पांढरा रस्सा वाटीतून पितात म्हणून तो पातळ पदार्थांत बसत नाही, त्यात नारळाचं दूध आणि मटणाचा अंश असतो. मिसळीची तर्री तशीच. तालमीत जाणारा मुलगा पहाटे "फक्त दूध" पिऊन येतो, किंवा कुणी धारोष्ण दुधाचा पेला प्रेमानं हातात देतं. पोटात गेल्यावर दुधाचा चोथा होतो, म्हणून दूध आणि दुधाचा चहा सहा तासांतच मोजायचा. नवरात्रातली साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ उपवासाचे असले तरी पोटाच्या दृष्टीनं जेवणच आहे. उसाचा रस आणि ताकही स्वच्छ पातळ पदार्थांत धरू नका.

दोन तास आधीपर्यंत सहसा चालतं ते साधं पाणी, साखरपाणी, बिनदुधाचा चहा, गर नसलेला गाळलेला फळांचा रस. गळ्यापाशी जळजळ असणारे, मधुमेहानं पोट मंद झालेले आणि गरोदर स्त्रिया यांनी मात्र स्वतंत्र विचारून घ्यावं.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. "रात्री बारापासून पाण्याचा थेंबही नको" हा सरसकट हुकूम अजूनही अनेक ठिकाणी दिला जातो. ऑपरेशन दुपारी तीनला, एप्रिलचं ऊन, आणि सत्तरीच्या आजी पंधरा तास कोरड्या. पाठीतल्या भुलीनं पायाकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो, शरीर सुकलेलं असलं की तो जास्त उतरतो. मधुमेह असेल तर साखरही खाली येते. म्हणून विचारा: "आमचा नंबर साधारण कधी लागेल? पाणी किती वाजेपर्यंत द्यायचं?" घड्याळातली वेळ मागून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा.

थिएटरमध्ये

सुई टोचण्याआधी मनगटात सलाइन, छातीवर ईसीजीच्या पट्ट्या, दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला ऑक्सिजनची चिमटी हे सगळं लागलेलं असावं. एकाच अवयवाचं ऑपरेशन असेल तर उजवा की डावा ही खूण तुम्ही शुद्धीवर असताना त्वचेवर झालेली असावी. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनची सुरक्षायादी जाहीर केली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. त्या यादीतले प्रश्न साधे आहेत: नाव काय, ऑपरेशन कोणतं, बाजू कोणती. हेच तिघांनी तीनदा विचारलं तर वैतागू नका. सीमाभागातून, निपाणी-बेळगावकडून आलेल्या रुग्णाला मराठी नीट येत नसेल तर कन्नड बोलणारा माणूस या वेळी जवळ हवा.

पाठीत सुई घेताना हनुवटी छातीला, खांदे सैल, कंबर मागे ढकललेली, अशी बैठक लागते. मणके उघडले की पहिल्या प्रयत्नात काम होण्याची शक्यता वाढते. पायात वीज चमकल्यासारखी कळ गेली तर हलू नका, पण लगेच सांगा, कोणत्या पायात तेही सांगा. ब्लॉक घेताना असह्य कळ आली तरी तेच. ती कळ सुईची दिशा सांगते आणि हात आखडता घेण्याचा इशाराही देते.

बधिर करणारं औषध चुकून रक्तात गेलं किंवा जास्त झालं तर आधी ओठ-जीभ बधिर होते, तोंडात धातूची चव येते, कानात गुंजतं, अस्वस्थ वाटतं. पुढे झटके येऊ शकतात, हृदय थांबू शकतं. हे रुग्णालाच सगळ्यांआधी कळतं, म्हणून ब्लॉक देताना बोलत राहा. वजन अंदाजे न सांगता काट्यावर करून घ्या, कारण डोस किलोवर ठरतो. ब्युपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाची मर्यादा किलोमागे साधारण २ मिलिग्रॅम धरली, तर ५० किलोच्या बाईसाठी अर्ध्या टक्क्याचं औषध २० मिलिलीटरपर्यंतच. लहान रुग्णालय चालवणाऱ्यांना इथे कळकळीनं एक सांगावंसं वाटतं. या विषबाधेवर २० टक्के लिपिड इमल्शन हे खरं प्रभावी औषध आहे, पहिला डोस किलोमागे दीड मिलिलीटर. १९९८ मध्ये प्राण्यांवर आणि २००६ पासून माणसांवर त्याचा गुण दिसला आहे. ते शहरातल्या औषध दुकानात असून उपयोग नाही, जिथे ब्लॉक देतात त्याच खोलीत हवं.

दुसरी गोष्टही त्यांच्यासाठीच. रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रानेक्सॅमिक ॲसिडचं अँप्यूल पाठीत देण्याच्या औषधासारखंच दिसू शकतं, आणि ते चुकून पाठीत गेल्याच्या, रुग्ण दगावल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनंही त्याबद्दल इशारा दिला आहे. ही दोन औषधं एका ट्रेमध्ये कधीही नकोत, आणि पाठीत जाणारं औषध भरताना लेबल मोठ्यानं वाचलं गेलं पाहिजे.

हल्ली ब्लॉक सोनोग्राफीत पाहून देतात. मज्जातंतू, रक्तवाहिनी, फुप्फुसाचं आवरण आणि सुईचं टोक पडद्यावर दिसतं, त्यामुळे औषध कमी लागतं आणि रक्तात जाण्याचा धोका घटतो. सोनोग्राफीवर नजर ठेवण्याची कोल्हापूरला जुनी ओळख आहे. २०१० च्या सुमारास, लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना, स्त्रीभ्रूणहत्या रोखण्यासाठी यंत्रांवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे तपासण्यांची नोंद ठेवणारं उपकरण बसवण्याचा प्रयोग इथेच झाला. भूलतज्ज्ञाच्या यंत्रालाही गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. कागदपत्रांच्या कटकटीमुळे काही जण यंत्र घेणंच टाळतात. रुग्णाच्या हिताचा विचार केला तर ती कटकट सोसायला हवी.

मशीनमध्ये हात सापडला तर

दाबून धरून रक्त थांबवा, हात वर ठेवा. हळद, कॉफी, तंबाखू काही भरू नका. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोटाला थेट बर्फ लागू देऊ नका. घाबरलेल्या माणसाला वाटेत चहा-बिस्कीट देऊ नका, शेवटचं कधी खाल्लं ती वेळ मात्र लक्षात ठेवा. ब्लॉक देण्याआधी डॉक्टरांनी बोटांची हालचाल आणि संवेदना तपासून लिहून ठेवलेली असावी. हात एकदा बधिर झाला की मूळ इजेनं काय गेलं हे कळत नाही.

भूल उतरताना आणि घरी

हाताचा ब्लॉक आठ-दहा तास, कधी त्याहून जास्त टिकतो. तोवर हात झोळीतच ठेवा. शेकाची पिशवी, चूल, गरम पाणी यांपासून दूर राहा, भाजलेलं कळणारच नाही. गाडी चालवू नका. वेदनेच्या गोळ्या ब्लॉक उतरण्याआधीच सुरू करायच्या असतात. "आत्ता दुखत नाही" म्हणून त्या बाजूला ठेवल्या तर मध्यरात्री एकदम कळ उठते. मानेजवळच्या ब्लॉकनंतर पापणी थोडी खाली येणं, आवाज बसणं, किंचित धाप लागणं हे बहुधा औषध उतरताच जातं. दम खरोखर लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर मात्र थांबू नका. पायाच्या ब्लॉकनंतर पहिल्यांदा उठताना दोन्ही बाजूंनी माणूस हवा, कारण गुडघा अचानक दगा देतो. अस्थिभंगानंतर प्लास्टरमध्ये हात-पाय टणक फुगला आणि गोळ्यांना न जुमानता वेदना वाढत गेली, तर ती ब्लॉक उतरल्याची वेदना समजून गप्प बसू नका.

सिझेरियननंतरच्या डोकेदुखीबद्दल बायकांच्या मनात फार भीती असते. १८९८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत सर्जन ऑगस्ट बिअर आणि त्याचा सहकारी हिल्डेब्रांट यांनी एकमेकांवर पाठीतल्या भुलीचा प्रयोग केला, तेव्हा सुई आणि पिचकारी जुळली नाहीत. बिअरच्या पाठीतलं पाणी गळलं आणि तो डोकेदुखीनं कित्येक दिवस अंथरुणावर पडून होता. उठून बसलं की वाढणारी, आडवं झालं की थांबणारी ही डोकेदुखी त्याच पाणी गळण्यानं होते. आजच्या बारीक, पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुईनं तिचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी राहतं. चोवीस तास बिनउशीचं सपाट झोपवून ठेवल्यानं ती टळत नाही, त्यामुळे बाळंतिणीला उशी नाकारण्यात अर्थ नाही. भरपूर पाणी, चहा-कॉफी, पॅरासिटामॉल यांनी बहुधा भागतं. नाही भागलं तर स्वतःचंच थोडं रक्त पाठीत सोडून गळती बुजवण्याचा उपाय आहे.

वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं खापरही या सुईवर फोडलं जातं. टोचल्या जागी दोन-चार दिवस दुखतं हे खरं. पण नंतरची कंबरदुखी गरोदरपण, वाकून बाळाला पाजणं, अशक्तपणा यांतून येते. भूल न घेतलेल्या बाळंतिणींतही ती तितकीच आढळते. कायमची इजा खरोखर दुर्मीळ आहे. ब्रिटनमधल्या २००९ च्या देशव्यापी पाहणीत, अगदी वाईट बाजूनं मोजलं तरी, पाठीतल्या भुलीनं (एपिड्युरलसह) कायमचं नुकसान लाखात सुमारे चार जणांचं झालेलं दिसलं. ब्लॉकनंतर मज्जातंतूला दीर्घकाळ इजा होण्याचं प्रमाण दहा हजारांत दोन ते चार आहे.

दुर्मीळ गोष्ट वेळेत ओळखता यावी म्हणून घरी जाताना दोन फोन नंबर लिहून घ्या, त्यांतला एक रात्री उचलला जाणारा हवा. चंदगडच्या पेशंटला कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब पडतं, त्यामुळे आपल्याजवळ रात्री कुठे जायचं तेही विचारून ठेवा. पाठीतल्या भुलीनंतर पाय पूर्ण मोकळे झाले आणि पुन्हा जड होऊ लागले, किंवा ठरलेल्या वेळेत मोकळे झालेच नाहीत. पाठीत तीव्र दुखू लागलं. लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली. ताप येऊन मान ताठरली. यांपैकी काहीही झालं, तर सकाळची वाट पाहू नका. रक्त साठून दाब आला असेल तर एमआरआय आणि ऑपरेशन मिळून साधारण आठ तासांच्या आत झालं तरच पाय परत येण्याची चांगली आशा असते. गाडी लगेच काढा, वाटेतूनच फोन करून सांगा की पाठीतून भूल दिली होती, आणि कधी दिली होती.